तुम्ही मार्गरेटला मारलेल्या थापा

प्रिय अहो,

राग ताजा आहे तोवर लिहायला बसलेय. आज आपल्या रस्त्याचा यार्ड सेल झाला, घरोघरची अडगळ अंगणात मांडून. टेबलं घडी करून गराजमध्ये लावली, स्कारबरोहून मदतीला आलेली केतकी बेसमेंट झाडतेय, आणि मला तुमच्याशी भांडायचंय.

हो, यंदाचा सेल मी केला! तुम्ही गेलात त्या वर्षी तो झालाच नाही. तारीख तुम्ही ठरवायचात, दारोदार चिठ्ठ्या तुम्ही टाकायचात, कोपऱ्यावरच्या खांबाला पुठ्ठ्याची पाटी तुम्ही बांधायचात. मी आत, खिडकीजवळ, लायब्ररीचं पुस्तक घेऊन. या एप्रिलमध्ये समोरच्या मार्गरेटनं विचारलं, "आता कोण करणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

चिठ्ठीही मीच लिहिली बरं का. सातवी शिकलेल्या बाईनं, शेजारी डिक्शनरी ठेवून. केतकीनं दोनच चुका काढल्या. मग बावीस घरांच्या बेल वाजवल्या. या देशाचं दीडशेवं वर्ष म्हणून दारोदारी झेंडे लागलेत, आणि प्रत्येक झेंड्याखाली कुणीतरी उभं राहून तुमच्याबद्दल बोललं. मी आपली "थँक यू, थँक यू" करत पुढे!

पण बेसमेंटमध्ये काय भरून ठेवलं होतंत हो! चार टोस्टर, एक पाय मोडलेलं स्टूल, कुणाच्या तरी मुलाचा ट्रम्पेट. सेल संपला की ढकलगाडी घेऊन तुम्ही रस्त्यानं फिरायचात आणि ज्याचं जे विकलं गेलं नाही ते घरी आणायचात. "हे घर आहे की अनाथाश्रम?" म्हणून मी ओरडायचे. तुम्ही म्हणायचात, "असू दे गं, कामाला येईल." कुणाच्या कामाला?

केतकी म्हणाली, "आई, जस्ट पुट इट ऑल आउट." जे विकण्यासारखं नव्हतं त्याचा आम्ही रस्त्याच्या कडेला ढीग केला आणि वर पाटी लावली, 'फुकट न्या'. त्या ढिगात पायाला बांधून बर्फावर चालायचे जोडे होते, दोन जोड. ते जुने, लाकडी चौकटीचे, बॅडमिंटनच्या रॅकेटसारखी जाळी असलेले. कधी आणलेत, मला आठवतही नव्हतं.

मार्गरेट कॉफी घेऊन आली आणि त्या ढिगापाशी थांबली. मग म्हणाली, "सुमन, हे तुला नीट बसले नाहीत का?"

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. ते तिचे आणि तिच्या नवऱ्याचे, डॉनचे होते! डॉन गेल्यावर तिनं सेलला मांडले, कुणी घेतले नाहीत, आणि तुम्ही जाऊन सांगितलंत, "माझी बायको कधीपासून असेच शोधतेय." तेवढ्यावर थांबलात का? दर हिवाळ्यात ती विचारायची, "फिरून आलात का?" आणि तुम्ही सांगायचात. सुमन पुढे चालते, मी मागे राहतो. सुमनला ओढ्याकाठी कोल्हा दिसला. सुमन थर्मासमध्ये आल्याचा चहा नेते, आम्ही ओंडक्यावर बसून पितो. अहो! मी हिवाळ्यात मेलबॉक्सपर्यंत जाताना तुमची बाही धरायचे!

माझे गुडघे दुखतात, असं सांगून सुटता आलं असतं. पण मला तुमच्यासारखं रचता येत नाही. म्हटलं, "मार्गरेट, मी ते कधी पायातही घातले नाहीत. यांनी तुला थाप मारली. तू ते परत घरात नेताना यांना बघवलं नसतं."

ती हसायलाच लागली. "समोर राहते मी. तुमच्या दारातून ते घेऊन कधी कुणी निघालं नाही, हे मला दिसत नव्हतं? मी मुद्दाम विचारायचे, यंदा काय सांगतोय ते ऐकायला." मग डोळे पुसून म्हणाली, "पण डॉनचे जोडे तुमच्या घरात आहेत, एवढं मला पुरत होतं."

आणि तेवढ्यात एका पिकअपवाल्यानं दोन्ही जोड उचलले! कॉटेजच्या भिंतीला लावायला म्हणे. तो ट्रकपाशी पोचला आणि मी ओरडले, "नॉट फ्री! दोज आर अवर्स!" सगळा रस्ता वळून बघायला लागला. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "पाटी मीच लिहिलीय, ती चुकलीय." बिचाऱ्यानं मुकाट्यानं खाली ठेवले. केतकी म्हणाली, "आई, यू कॅन शाउट!"

आता माझं भांडण ऐका. डॉन गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, "येतेस मागच्या जंगलात?" मी म्हटलं, "मला कंबर मोडून घ्यायची नाही," आणि पान उलटलं. पुन्हा तुम्ही विचारलं नाहीत. मार्गरेटशी बोलताना मात्र दर वर्षी मला घेऊन फिरून आलात. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं? कदाचित आले असते. कदाचित नसतेही, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला मी इतकी बरोबर हवी होते, हे मला शेजारणीकडून कळावं?

बर्फ चांगला बसला की आम्ही दोघी जाणार आहोत. ती तिचे घालेल, मी डॉनचे. तिचाच हट्ट. पट्टे कसे बांधायचे ते ती शिकवणार आहे. चहा नेईन, आलं घालून. ओंडका शोधीन. कोल्ह्याचं माझ्या हातात नाही, पण बघत राहीन. तुमची एकेक थाप खरी करून येईन, हा माझा शब्द. तुम्ही मागे राहता आणि मी पुढे चालते, ही एवढी एक मात्र जमायची नाही. तिथे तुम्ही मला फसवलंत.

तुमची,
सुमन