मान्यता रद्द झाल्याबाबत

३ नोव्हेंबर, सोमवार

सुशांतचा फोन. राज्य तायक्वांदो संघटनेचा नवा सचिव. "बाई, महासंघाला पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका काढतोय. इतिहास तुम्हीच लिहायचा. जुन्यांतल्या आता तुम्हीच!" आणि मी लगेच हो म्हटलं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे! फोन ठेवल्यावर लक्षात आलं – इतिहास म्हणजे त्यात २०१७ पण आलं.

४ नोव्हेंबर

लिहायला बसले. शीर्षक घातलं. उठले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुरुवातीची वर्षं सोपी गेली. एका हॉलमध्ये चाळीस पोरं, शिकवणारा एक, आणि कोरियन आकडे कोणालाच धड म्हणता येत नाहीत. मग राज्याराज्यांत संघटना, मग दिल्लीत महासंघ. पंच्याण्णव साली मी शाळेत शिपायांकडून गवत काढून घेऊन वर्ग सुरू केला. दोन मुली आणि सात मुलगे. पोशाख नाहीत म्हणून धोतराच्या पानांचे शिवले होते! हे सगळं लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू.

मग फूट. एका महासंघाचे दोन झाले. दोघांचे अध्यक्ष वेगळे, बोधचिन्ह तेच. एकाचा शिक्का तांबडा, दुसऱ्याचा निळा. एकाच दिवशी दोन हॉटेलांत दोन निवडणुका, दोन्हीकडे "एकमताने"! कार्यालयाच्या दाराला दोन कुलपं. पोरं मात्र एकच. ती आपली लाथा मारत होती, शिक्का कुठला ते न बघता.

आम्ही तांबड्यात होतो. का? तांबड्यांनी मला राष्ट्रीय समितीत सहसचिव केलं म्हणून. दुसरं काही कारण नाही. इथे लिहायला काय हरकत.

७ नोव्हेंबर

संध्याकाळी तेजस्वी आली, माझी जुनी विद्यार्थिनी. वनरक्षक भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिची निवड झाली होती, गेल्या महिन्यात पेढे देऊन गेली होती. आज हातात कागद. प्रमाणपत्र अवैध. फेब्रुवारी २०१७ ची राष्ट्रीय स्पर्धा ज्या महासंघानं घेतली त्याची मान्यता आधीच रद्द झालेली होती. अपील करायला आठ दिवस. वयाच्या हिशेबानं ही शेवटचीच भरती.

माझ्या डोळ्यांत पाणी बघून तीच मला समजवायला लागली. "बाईनू, तुमी कित्याक रडतास? तुमका थोडाच म्हायत होता!"

मी उठून चहा टाकला. चहात साखर घालायची विसरले, तिनं तसाच प्यायला.

जाताना नेहमीसारखी वाकली. आमच्यात वर्गाबाहेरसुद्धा वाकून निघायची रीत. मला दाराआड लपावंसं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज लिहितेच. नाहीतर कधीच लिहिणार नाही.

मला माहीत होतं.

जानेवारी २०१७. जिल्हा संघटनेचा पत्ता म्हणजे आमची शाळाच, तेव्हा पत्र शाळेच्या टपालातून आलं. पाकीट फोडलेलं, शाळेचं सगळं टपाल तसंच हाती यायचं. "तांबड्या" महासंघाची मान्यता रद्द, यापुढच्या स्पर्धा ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. स्पर्धेला पंधरा दिवस होते. मी शिक्षकांच्या खोलीत उभी राहून दोनदा वाचलं आणि घरी आल्यावर पाकिटासकट ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेवलं.

हो, ब्लेझर! निळा, छातीवर जरीचं बोधचिन्ह, सोन्यासारखी बटणं. संघाची व्यवस्थापक म्हणून मला मिळाला होता. मालवणच्या उकाड्यात ब्लेझर! मी तो घालून आरशासमोर उभी राहिले होते, त्रेचाळीसाव्या वर्षी. जिल्ह्यातून राष्ट्रीय स्पर्धेला संघ घेऊन जाणारी पहिली बाई. पेपरात फोटो येणार होता. पत्र दाखवलं असतं तर पालकांनी पोरं पाठवली नसती, फोटो नाही, काही नाही. मनाची समजूत घातली – करतील काहीतरी वरचे, मिटेल. पोरांची तयारी फुकट कशाला घालवायची? पोरांचं नाव पुढे करून मी माझी हौस भागवली.

कुडाळ स्टेशनवर बाबली आला होता. तेजस्वीचा बाप, आमच्या शाळेचा शिपाई. तिच्या पायाचा अंगठा सुजलेला होता. गाडी सुटताना खिडकीशी येऊन लेकीकडे बघत म्हणाला, "बाईनू, कायव होवंदे, चेडवाक खेळूक द्या." त्या सुजलेल्या अंगठ्यावर ती तीन लढती जिंकली. कांस्य. परतल्यावर बाबलीनं पदक देवासमोर ठेवलं आणि माझ्याही पाया पडला. माझ्याहून वयानं मोठा माणूस! तेव्हाच धरणी दुभंगायला हवी होती. दोन वर्षांमागे तो गेला. त्याला सांगायचं राहिलंच.

कपाटाच्या तळातून ब्लेझर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास. पत्र खिशात तसंच.

१० नोव्हेंबर

सुशांतला पत्राचा मजकूर घालून २०१७ चा परिच्छेद पाठवला. दहा मिनिटांत फोन. "बाई, स्मरणिका आहे ही, कोर्ट नाही. 'काही तांत्रिक अडचणींनंतर दोन्ही गट एकत्र आले', एवढं पुरे. आणि स्वतःचं नाव कशाला घालताय? हात दाखवून अवलक्षण!"

म्हटलं, छापायचं तर एवढ्यासकट, नाहीतर दुसरा लेखक बघ.

"बरं बघू," म्हणाला. म्हणजे नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ओरोसला जिल्हा क्रीडा कार्यालयात गेले. कसालला एसटीतून उतरून पुढे रिक्षा. कचेरीतले गृहस्थ सभ्य होते. मी आडून आडून विचारलं – समजा, असं असं झालं असेल तर? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "स्पर्धेच्या वेळी खेळाडू वयानं अज्ञान होती. तिला आणि तिच्या पालकांना काही माहीत नव्हतं, संघटनेच्या पदाधिकाऱ्यानं पत्र दडवलं, असं त्या पदाधिकाऱ्यानं शपथेवर लिहून दिलं तर फेरविचाराला वर पाठवता येईल. हमी नाही देत. पण पालकांना माहीत असेल तर मग विषयच संपला. संमतीपत्रावर सही त्यांची असते ना."

मग विचारलं, "पण असं लिहून देणार कोण?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी खुर्ची दिली. उभ्यानंच बरं वाटत होतं. पत्र मिळाल्याच्या तारखेचा पुरावा असला तर जोडा, म्हणाले.

१२ नोव्हेंबर

चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत सकाळचा वर्ग सुटल्यावर तेजस्वीला थांबवलं. ती लहान मुलांचा सराव घ्यायला येते, निवड अडकली तरी येतेय. पत्र हातात दिलं. तिनं वाचलं. तारीख परत बघितली.

"ह्या तुमका कधी गावला?"

सांगितलं. ब्लेझरसुद्धा सांगितला. काही राखून ठेवलं नाही.

 लाट पायापर्यंत येऊन गेली तरी ती हलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग एवढंच – "बाबांका म्हायत होता?"

"नाही ग. त्याला कुठून?"

"बरा." पत्राची घडी घालून परत दिली. "बाबांका म्हायत असता तर तेंनी माका धाडल्यानीच नसता. एक तरी माणूस माझ्याशी खरो होतो."

आणि गेली. न वाकता. मी मात्र सवयीनं वाकले होते, तिच्या पाठीला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तारखेच्या पुराव्यासाठी शाळेतलं जुनं आवक रजिस्टर काढलं. २०१७ त क्लार्कची जागा रिकामी होती. टपाल फोडायचं, नोंदवायचं, वाटायचं, सगळं बाबली करी. नववी शिकलेला, पण अक्षर टपोरं.

पानभर त्याच्या नोंदी. विषयाच्या रकान्यात "पत्र". "पत्र". "परिपत्रक". "पत्र".

आणि १९ जानेवारीला, रकान्यात मावत नव्हतं म्हणून बारीक करून – "तायक्वांदो महासंघाची मान्यता रद्द झाल्याबाबत." पुढे, "बाईंच्या हाती दिले."

त्यानं वाचलं होतं! माझ्या आधी. संमतीपत्रावर सही केली ती त्यानंतर चार दिवसांनी.

कायव होवंदे, चेडवाक खेळूक द्या.

काहीही होऊ दे, हे मी समजत होते अंगठ्याचं बोलतोय. तो वाट बघत असेल का, मी काहीतरी बोलेन म्हणून? की मी बोलू नये म्हणून? सहा वर्षं एका शाळेत, रोज एकमेकांना चहा देत, दोघं गप्प. आणि पाया पडला तो! मलाच काय, स्वतःच्या मनालाही काहीतरी सांगत असेल.

पहिल्यांदा हायसं वाटलं. निम्मं ओझं कोणीतरी उचलल्यासारखं. त्या हायसं वाटण्याचीच नंतर इतकी लाज वाटली की रजिस्टर मिटून तशीच बसून राहिले. घंटा झाली, तास बुडाला.

सुगंधाकडे, बाबलीच्या बायकोकडे, डोकावून आले. तिला यातलं काही ठाऊक नाही. भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला तेच पदक अडकवलेलं. "तेंचो तुमच्यार भारी विश्वास होतो," म्हणाली.

१४ नोव्हेंबर

मालवणला नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. पत्र जोडलं, रजिस्टर नाही. ते फळीवर होतं तिथे परत ठेवलं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे, तेवढा पुरे.

कलम चार : "सदर बाब खेळाडूस अथवा तिच्या पालकांस ज्ञात नव्हती. ती मी एकटीने दडवली."

वकिलानं विचारलं, "बाई, सगळं खरं ना?" हो म्हटलं, सही केली.

सबंध कागदात तेवढं एकच कलम खोटं. आणि लाज वाटत नाही ती नेमकी त्याचीच.