एकोणीस भाऊ

दि. ८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या टिटवीने इथे बस्तान बसवलं. खोलीच्या खिडकीखाली एका बेकरीचं मागचं दार आहे, त्यामुळे डोळे उघडायच्या आधी भूक लागते. तू विणलेले हातमोजे घालूनच दप्तरखान्यात बसते, कारण तिथला हीटर नावापुरता आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस, म्हणून पत्रच बरं.

माझं काम काय, ते तू दर वेळी विचारतेस आणि विसरतेस, म्हणून आता लेखी देते. बाहेरून या देशात माणसं कधी आणि का आली, सरकारने त्यांच्यासाठी वेळोवेळी कोणते नियम केले आणि किती जण आले त्याचे आकडे, या सगळ्याचं मिळून माझं पुस्तक होणार आहे. काल एका जुन्या तक्त्यात तुमचं शहर आणि बाबा आले ते साल सापडलं. आधी येऊन कामाला लागलेल्या बायकांनी त्या वर्षी कुणाला बोलावून घेतलं, त्याचे रकाने होते. नवरे चारशे बारा. ठरलेले नवरे एकशे सदुसष्ट. आईवडील अडतीस. भाऊ एकोणीस.

आत्या, त्या एकोणिसांतले एक माझे बाबा आहेत! मी त्या आकड्यावर बोट ठेवून इतका वेळ बसले की शेजारच्या टेबलावरच्या प्राध्यापकांनी काळजीने पाणी आणून दिलं. पण एकोणीसच का गं? लोकांना भाऊ काय कमी होते? तुला काही आठवतं का?

कळावे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
टिटवी

दि. १७ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. एवढी शिकलीस आणि शेवटी बाप शोधायला दप्तरखान्यात गेलीस. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तुझा बाप रविवारी नेहमीप्रमाणे येऊन गेला. खिडकी उघडी का म्हणून भांडला. मी लावली, तर कोंदट होतंय म्हणून भांडला. गळका नळ दुरुस्त करतो म्हणाला, आता तो दोन ठिकाणी गळतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात गाठून पुन्हा तीच कहाणी ऐकवली, की ताई इथे एकटी रडत होती म्हणून मला सगळं सोडून यावं लागलं, नाहीतर तिकडे मी छापखान्याचा मालक झालो असतो. त्या बिचाऱ्या आता त्याची चाहूल लागली की जिन्यातून मागे फिरतात.

भाऊ एकोणीसच का, ते मला काय ठाऊक? मी दवाखान्याच्या धुलाईघरात फाटक्या चादरी शिवत होते, सरकार चालवत नव्हते. बायकांना नवऱ्यांची ओढ जास्त असेल. असल्या गोष्टी उकरत बसण्यापेक्षा वेळेवर जेव.

कळावे. आहेस तशी गोड राहा, फक्त थोडी जाड हो.

तुझी,
आत्या

दि. २९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू मला चकवलंस. पण नियम बोलला.

त्या वर्षीचा नियम आज हाती लागला. बाहेरून आलेल्या कामगाराला एकाच माणसाला बोलावता येत होतं. मग तो नवरा असो, ठरलेला नवरा असो, आई असो की भाऊ. एकदा तो माणूस आला की पुढची सात वर्षं दार बंद. म्हणजे जिने भावाला बोलावलं तिने दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलं. आईने मला एकदा ओझरतं सांगितलं होतं की तुझं लग्न ठरून मोडलं होतं. का मोडलं, ते तिलाही माहीत नव्हतं. आज मला कळलं.

आत्या, बाबा आले म्हणून त्यांना इथल्या छापखान्यात आई भेटली, आणि म्हणून मी आहे. ज्या आकड्यांचा मी अभ्यास करते त्यातला एक आकडा माझ्या जन्माचं कारण आहे, आणि तो तू लिहिलास. तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. सध्या फक्त रडू येतंय.

आणखी एक. हाच नियम पुन्हा आणायचा विचार चालू आहे, आणि माझं पुस्तक तो विचार करणाऱ्यांच्या टेबलावर जाणार आहे. नुसत्या आकड्यांनी कुणाचं मन हलत नाही. तुझी गोष्ट त्यात घालू का? तू हो म्हणालीस तरच.

कळावे. तुझा हात डोक्यावर असाच असू दे.

तुझी,
टिटवी

दि. ६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

कळलंच आहे तर अर्धवट कळण्यापेक्षा पुरतं कळू दे.

लग्न ठरलं होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, पण बोलला की हसवायचा. मी आधी येऊन काम धरायचं आणि वर्षभराने त्याला बोलवायचं, असा आमचा बेत होता. त्या वर्षात आमची आई गेली. वडील आधीच गेले होते. तुझा बाप अठरा वर्षांचा. एका गोदामात हमाली करायचा, तिथेच पोत्यांवर झोपायचा आणि खोकला काही त्याला सोडत नव्हता. घड्याळवाल्याला आई होती, दुकान होतं, पुढ्यात ताट ठेवणारं कुणीतरी होतं. माझ्या भावाला कोण होतं? सात वर्षं तो टिकला नसता. मी घड्याळवाल्याला सगळं खरं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. रागावला असणार, आणि तो त्याचा हक्कच होता. पुढे त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. तेव्हा मला वाईट वाटलं, फार वाटलं. पश्चात्ताप मात्र एक दिवसही झाला नाही. तुझ्या बापाचा खोकला गेला, तो माणसात आला, तुझी आई आली, तू आलीस. एका बाईला आणखी किती मिळायला हवं? तेव्हा मला देव्हाऱ्यात बसवू नकोस, तिथे पाय लांब करता येत नाहीत.

पण पुस्तकात यातलं अक्षर यायचं नाही. तुझ्या बापाला हे माहीत नाही. टिटवे, तो माझ्याशी भांडतो, हे माझ्या घरातलं सगळ्यात मोठं सुख आहे. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो हात जोडून दारात उभा राहील. मग मला भाऊ उरणार नाही, उपकारांनी वाकलेला एक म्हातारा उरेल. तेवढं माझ्यासाठी सांभाळ.

कळावे. रागावू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी,
आत्या

दि. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, घोळ झाला. सगळा माझा घोळ.

तुझा शब्द मी पाळला. पुस्तकाच्या त्या प्रकरणात तू कुठेच नाहीस, नाव नाही, धुलाईघर नाही, काही नाही. मग नेहमीसारखं ते बाबांकडे तपासायला पाठवलं. त्यांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यांची लाल पेन्सिल फिरल्याशिवाय माझं एक पान पुढे जात नाही. पाठवून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तुला वगळलं, पण नियम कसा वगळणार? पुस्तकच त्या नियमाचं आहे. त्यात तो शब्दन्‌शब्द छापलाय, खाली तक्ता, त्यात तुमचं शहर, ते साल आणि ते एकोणीस भाऊ.

आज प्रकरण परत आलं. त्यावर एकही खूण नाही. चुकलेले स्वल्पविराम जसेच्या तसे. बाबांनी स्वल्पविराम सोडला असं कधी झालंय का? त्यांना कळलंय, आत्या. मला माफ कर. रविवार यायच्या आत तुला ठाऊक असावं म्हणून घाईने लिहिते आहे.

कळावे. दूर लोटू नकोस, एवढीच विनंती.

तुझी,
टिटवी

दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

समोर बसलो की आपलं भांडण जुंपतं, म्हणून चार बस थांब्यांवरून तुला तिकीट लावून पत्र पाठवतोय. हसू नकोस.

मुलीचं प्रकरण वाचलं. पेन्सिल चालली नाही. नवीन काही कळलं म्हणून नव्हे, छापलेलं पाहिलं म्हणून. ताई, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी निघालो तेव्हा घड्याळवाला स्टेशनवर आला होता. त्याने स्वतःचा लोकरी कोट माझ्या अंगात घातला, खोकल्याचं औषध खिशात कोंबलं आणि शांतपणे सांगितलं, की तुझ्या ताईकडे एकच जागा होती आणि ती तिने तुला दिली आहे. मी म्हटलं की मी जात नाही, तुम्ही जा. त्यावर तो म्हणाला की जागेवर नाव तुझं आहे, मला तिथे दारात कोण उभं करणार? गाडी सुटायची वेळ होईपर्यंत माझ्या बाजूला बसून राहिला. उतरताना त्याने निरोप दिला. ती माझ्याबद्दल विचारेल तेव्हा सांग, म्हणाला, की मला राग नाही, तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. उत्तर लिहायला बसलो तर परत ये असंच लिहून जाईन, म्हणून लिहीत नाही.

तू कधी विचारलं नाहीस. आपणहून सांगावं, तर मला सगळं माहीत आहे हे तुला कळलं असतं. निरोप तसाच राहिला. तो आज देतो आहे.

प्रवासभर मी ठरवत होतो की उतरलो की आधी तुझ्या पाया पडायचं. पण फलाटावर तू दिसलीस ती डोळे सुजलेली आणि तोंडावर उसनं हसू आणलेली. मी वाकलो असतो तर तू तिथेच कोसळली असतीस. म्हणून तोंडाला आलं ते बोललो, की एवढ्या थंडीत मला कशाला बोलावलंस. तू अशी भडकलीस! भर फलाटावर मला झापलंस, आणि झापता झापता तुझा चेहरा माणसासारखा दिसायला लागला. छापखान्यातलं काम मी पोटासाठी केलं. तुझ्याशी भांडायचं काम मनापासून केलं.

आता एकदाच लिहितो, कारण तोंडाने जमणार नाही. ताई, मी जगलो तो तुझ्यामुळे. माझं घर, माझी बायको, माझी मुलगी, सगळं तू दिलंस. मी तुझा फार फार ऋणी आहे.

रविवारी येतो. लोभ उतू गेला तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. २ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

माफी कसली मागतेस? तुझ्या घोळाचे मी आभार मानते. सोबत तुझ्या बापाच्या पत्राची नक्कल पाठवते आहे, मूळ पत्र मी कुणाला देणार नाही. घड्याळवाला रागावला नव्हता गं. उभी हयात गेली कळायला, पण कळलं. परवा बाजारात चालताना मी मध्येच थांबून एकटीच हसले.

आता तू खुशाल लिही. नाव नको, पण बाकी सगळं घाल, घड्याळवाल्याचा निरोपसुद्धा. नियम करणाऱ्यांना तो वाचू दे.

रविवारचं सांगते. तुझा बाप आला तो गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दारातच वाकला. मग खुर्चीच्या टोकावर परीक्षेला बसल्यासारखा बसला. चहा दिला, तर दोन्ही हातांनी कप धरून प्याला आणि म्हणाला की फारच छान झालाय. इतक्या वर्षांत माझ्या चहाला तो कधी छान म्हणाला नव्हता. मला वाटलं, संपलं, गेला माझा भाऊ.

मग मी माझा कप तोंडाला लावला. त्या गडबडीत साखर घालायलाच विसरले होते. मी त्याला सांगितलं की असल्या चहाला छान म्हणणारा माणूस मला या घरात नको, ऊठ आणि चालता हो. त्याने कप खाली ठेवला. डोळे भरले होते. मग म्हणाला की साखरेचं सोड, पण ही पत्ती कुठल्या जमान्यातली आहे? दुधाला वास येतोय, कपाचा कान तुटलाय, आणि पाहुण्याला हाकलायची ही कुठली रीत? त्याचा आवाज चढला, माझा त्याच्यावर चढला, वरच्या बाईंनी जमिनीवर काठी आपटली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

कळावे. पुस्तक लवकर पुरं कर आणि आम्हा दोघांवर माया असू दे.

तुझी,
आत्या