आईच्या परातीतली कणीक

कोपरगाव, मंगळवार, १२ जानेवारी १९७१

आज सखारामदादांना गप्प केलं! जन्मभर गोदावरीत जाळं टाकणारा भोई मला सांगत होता, "मास्तर, थंडीत मासा तळाला बसतो. गांडूळ लावा. कनकेला न्हाई शिवायचा." मी ऐकलं नाही. उन्हं चढू दिली, बारीक गळाला आईच्या परातीतल्या कणकेची गोळी लावली आणि उथळ पाण्यात टाकली. दुपारपर्यंत हातभर लांबीचे तीन मासे! थंडीत मासा उन्हाला वर येतो, हे माझंच खरं. दादा एवढंच म्हणाले, "कनीक त्येच्या वळखीची हाय." मी हसलो.

घरी आलो तर आई उद्याची कणीक मळत होती. रोज सकाळी घाटावर माशांना गोळ्या टाकते ती. "घाटापाशी न्हाई ना बसलास?" म्हणाली. "नाही गं, पार खाली." खाली म्हणजे किती? शंभर पावलं. माशाला शंभर पावलं ती काय! तिच्या हाताला सवकलेलेच असतील का ते?

ऊन आणि बारीक गळ, यावर मी ठाम आहे. पण उद्या गांडूळ लावीन. दादा हसले तर हसू देत.