शेपूची बाग

देहू, ता. ३ डिसेंबर १९५७

चि. सौ. शालन हिस सासूबाईंचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला लिहिता येत नाही, म्हणून तुझा धाकटा दीर कोंडाजी लिहितो आहे. आपली शेजारीण मंजुळाबाई पिंपरीला तुझ्याकडे डोकावून आली. म्हणाली, अडीच वर्षांची चंपी पिठात हात बरबटते, भाजी अंगाला फासते आणि तू हसत बसतेस. अगं, अन्न काय खेळणं आहे? पोर दूधभाताखेरीज काही खात नाही म्हणून असली थेरं? रविवारी कोंडाजी येईल, त्याच्याबरोबर तिला धाड. नीट जेवायला लागेल तोवर ती इथेच राहील. माझ्या उद्धवला विचारत बसू नकोस.

तुमचं भलं चिंतणारी,
सुभद्राबाई

पिंपरी, ता. ८ डिसेंबर १९५७

ती. सासूबाईंस शालनचा शि. सा. न. वि. वि.

चंपीला पाठवलं नाही. रागवायचं तर रागवा. तुमचे चिरंजीव पहिल्या पाळीला कंपनीत होते, तेव्हा हे माझं एकटीचं ठरवणं आहे.

थेरं नव्हेत ती. शेपू दिसला की पोर किंचाळायची. मी धाक घातला, चापटी मारली, काही उपयोग नाही. शेवटी जुडीच तिच्यापुढे टाकली. आधी नुसती हुंगली. मग माझ्याबरोबर निवडायला बसली. परवा भाकरीच्या पिठात शेपूच्या काड्या खोचून तिने बाग केली, ती तव्यावर भाजायला लावली आणि चक्क खाल्ली! सांडलेलं मी पुसते, मंजुळाबाई नव्हे.

आज भाऊजींना तिने हात धरून पाटावर बसवलं आणि बागेचा तुकडा दिला. त्यांनी आधी मान हलवली, मग खाल्ला, वर आणखी मागितला. ते एकटेच परतले, त्यांना बोल लावू नका. पोर माझी आहे, माझ्याच घरी खायला शिकेल.

या एका गोष्टीत आज्ञेबाहेरची,
शालन

देहू, ता. ११ डिसेंबर १९५७

चि. सौ. शालन हिस आशीर्वाद. वि. वि.

तोंड फार सुटलंय तुझं. दिवसभर धुसफुसत होते. पण कोंडाजीने शेपू खाल्ला हे खरंच वाटेना. पंचविशीचा बाप्या, हिरवी भाजी बघून ताटावरून उठतो. लहानपणी मी त्याचं नाक दाबून घशात कोंबायची. तो ओकायचा, मी पुन्हा कोंबायची. माझ्या सासूबाईंचा हुकूम होता. तुझ्यासारखं नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही गं. इथे कोंडाजीचा हात थांबलाय. लिही म्हटलं, चूक माझीच होती.

चंपीला धाडू नकोस. रविवारी मीच येते. मला स्वतःला शेपू मुळीच आवडत नाही, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता चंपीला सांगेन.

तुम्हा तिघांना आशीर्वाद.
सुभद्राबाई