गोड लागलेलं पाणी

फ्रेस्नो, १२ मे १९८४

प्रिय आदेलीनोदादा,

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. कापूस उगवला, देओलिंदावहिनीला सहावा महिना लागला, वाचून बरं वाटलं. तळ्यावर तू हिवाळ्यात मारलेली बदकं ती आधी माझं ऐकून खात नव्हती, मार्चच्या सभेपासून लसूण-वाइनमध्ये मुरवून निर्धास्त खाते, हेही वाचलं. दोनदा वाचलं.

या आठवड्यात प्रयोगशाळेत आम्ही त्याच तळ्यावरच्या पाणकोंबड्यांची एकशे सहा अंडी उघडली. एकोणचाळीस पिल्लं सदोष. काहींना डोळेच नाहीत.

"अंडी फोडायला आमची आजी कुठे कॉलेजात गेली होती?" असं तू सभेत म्हणालास. लोक हसले. मग आपल्या शेतांच्या निचऱ्याचं पाणी म्हणून अख्खा ग्लास घटाघटा प्यायलास. "बघा, मेलो का? अरे, गोड आहे!" मागून सेराफीमकाका ओरडले, "आणखी एक घे, उद्या अंडं घालशील!" टाळ्या पडल्या, आणि निचरा तळ्यात सोडत राहायचं ठरलं.

निचऱ्यातून येणारं सेलेनियमचं विष पाण्यात अगदी थोडं असतं. शेवाळ्यात, किड्यांत, मग पक्ष्यांत ते वाढत जातं. हे मी तुला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तू जांभई दिलीस. ते सोड. पण ज्या पाण्याने चरांच्या कडांवर मिठाचा पांढरा थर चढतो, ते तुला गोड लागलं, आणि साठ शेतकऱ्यांत एकालाही शंका आली नाही! म्हणे मातीची माणसं.

ग्लास मी भरला होता. सभेत दाखवायला आणलेल्या निचऱ्याच्या नमुन्याच्या बरणीतून नाही, नळावरून.

एका ग्लासाने तुला काही झालं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी तू ते पिणार म्हटल्यावर बरणीचं झाकण उघडवेना. तेव्हापासून तुम्हा सगळ्यांना मूर्ख म्हणत फिरते आहे. तुम्हाला निदान माहीत नव्हतं.

फ्रीजरमधली बदकं खोल पुरून टाक. कुत्र्यालाही घालू नकोस. तू ऐकणार नाहीस, म्हणून याच पत्राची एक प्रत वहिनीच्या नावाने वेगळ्या पाकिटात टाकली आहे.

गुरुवारच्या सभेला मी बरणी घेऊन येते. त्या दिवशी ग्लासात काय होतं, ते सगळ्यांना सांगेन. खरी चव कुणाला बघायची असेल तर बघू दे.

वहिनीने तुझ्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढीही लायकी न उरलेली,
तुझी बहीण
नतेर्सिया