कोंडवाड्यातली जीप

९ मार्च, सोमवार

हर्षलने पोस्टर टाकलं ग्रुपवर. मला न विचारता. "धानाच्या देशातून समुद्राकडे! गाडी थेट प्रवाळावर!" खाली जीपचा फोटो, चाकं अर्धी पाण्यात.

तीन महिने मी काय सांगत होते यांना? प्रवाळ दगड नाही. जिवंत आहे. हळूहळू वाढतं, एका चाकाखाली मरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

हर्षलला फोन केला. म्हणाला, "चॅनलवर बघणारे पाहिजेत ना. खरंच कोण नेतं तिथपर्यंत?" मागे विकी हसला. म्हणजे फोन स्पीकरवर होता.

यापुढे या वहीत त्याला ह. लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही आज.

चौघं जाणार: ह., त्याचा मित्र विकी, माझी कॉलेजातली मैत्रीण नेहा आणि मी. जीप ह.ची, म्हणजे त्याच्या वडिलांच्या राईस मिलची. तंबू विकीचे. रस्ता, मुक्काम, भरती-ओहोटी, काय करायचं नि काय नाही, हे सगळं माझं. आणि पोस्टरवर माझं नाव सर्वांत खाली, "सहकार्य" म्हणून.

१४ मार्च, शनिवार

मालवणकडच्या एका काकींशी बोलणं झालं. त्यांच्या नारळाच्या वाडीत तंबू लावू देतात. मी गाडीचं विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "गाडी वाळूत घालू नको हां बाय. थंय कासवां अंडी घालतत." इतकं बरं वाटलं. कोणीतरी माझ्यासारखं बोललं.

ठरलं असं: १५ एप्रिलला दुपारपर्यंत अर्जुनीहून निघायचं, १६ ला रात्री पोचायचं. १७ ला अमावास्या. त्या सकाळची ओहोटी मोठी, खडक उघडे पडतात, खळग्यांत प्रवाळ दिसतं. गाडी वाडीतच ठेवायची, खडकांच्या कडेपर्यंत चालत जायचं. प्रवाळावर पायसुद्धा ठेवायचा नाही. चार दिवस इकडेतिकडे झालं तर पाणी तेवढं उतरत नाही, मग जाऊन उपयोग नाही. मे महिन्यात ह.ला मिलचं काम, नंतर पाऊस. म्हणजे हीच वेळ.

कॉलेजात तीन वर्षं प्रवाळ बरणीत पाहिलं. पांढरं, हाडासारखं. सर म्हणायचे, "जिवंतपणी रंग असतो याला." कोणता, ते सरांनीही पाहिलं नव्हतं.

दुपारी मावशीकडे. ती इटियाडोह तलावाच्या मागच्या अंगाला राहते. पाणी उतरलंय, उघड्या गाळातल्या डांगरवाड्या, म्हणजे टरबुजाच्या वाड्या, हिरव्या झाल्यात. मी सगळा बेत सांगितला. तिने एकच विचारलं, "समुद्राचं पानी कोन्या महिन्यात उतरते वो?"

"महिन्यात नाही मावशी. रोज दोनदा उतरतं, दोनदा चढतं."

"रोज?" ती खुरपं खाली ठेवून हसायलाच लागली. "मंग तेथचे लोक डांगर कवा लावतेत?"

२२ मार्च, रविवार

घरी भांडण. आई, "पोरांसंगं पाच दिवस? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांनी माझी फी भरली होती का. मग बाबा जेवता जेवता म्हणाले, "जाऊ दे वो तिले. आपल्या घरातून कोनं पाह्यला समुद्र?" बाबा ह.च्याच मिलमध्ये पोती उचलतात. त्यांना वाटतं मालकाचा पोरगा सोबत आहे म्हणजे काळजी नाही.

आई अजून फुगलेली आहे. पण जुन्या चादरीची पिशवी शिवून राहिली आहे.

ह.ला गाडी वाळूत चालवायचा सराव पाहिजे. मी म्हटलं, वाळूत न्यायचीच नाही तर सराव कशाला? "इमर्जन्सी," म्हणे. मग इटियाडोहला जायचं ठरवलं त्याने. मी स्पष्ट सांगितलं: बांधालगतचा मुरमाचा रस्ता सोडायचा नाही. खाली वाड्या आहेत. "हो गं बाई," म्हणाला.

पुढच्या रविवारी माझी शिकवणी. मी नसेन.

२९ मार्च, रविवार

ह.ने रील टाकली. पाच वेळा पाहिली मी.

जीप तळ्याच्या उघड्या पात्रात गोल गोल फिरते. धूळ. गाणं. विकी वर उभा राहून ओरडतो. मग चाकांखाली हिरवं येतं. वेल. टरबुजं फुटताना लाल दिसतात एक क्षण. मग एक बुजगावणं येतं समोर, निळा शर्ट घातलेलं, आणि ते आडवं होतं.

तो शर्ट बाबांचा. मिलने दिवाळीला दिलेला, खांद्यावर फाटला तेव्हा मावशी मागून घेऊन गेली होती.

खाली नेहाने हसण्याची चित्रं टाकलीत. नेहाने!

ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शिव्याच.

३० मार्च, सोमवार

पहिल्या एस.टी.ने मावशीकडे. वाडीचा मधला सगळा पट्टा गेला. बाजूच्या दोघींचाही थोडा. मावशी फुटलेली टरबुजं गोळा करून बैलापुढे टाकत होती. रडत नव्हती. मीच रडले, आणि त्याचाही राग आला.

पाणी जसं मागे सरकतं तसे इथे वाटे पडतात. पळसाच्या काटक्या रोवतात, या काटकीपासून त्या काटकीपर्यंत अमकीचं. कोणी कोणाची काटकी हलवत नाही. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली, हिवाळ्यात पुन्हा त्याच बाया त्याच जागी. गाळपेर. अर्जुनीत वाढलेल्या माणसाला हे माहीत नाही?

मावशीला सांगितलं गाडी कोणाची ते. ती म्हणाली, "माह्यासंगं बोलला असता तं मीच दाखोला असता रस्ता. कोरडा होता तिकडचा अंग."

१ एप्रिल, बुधवार

ह. मिलच्या गेटवर भेटला. मी सांगितलं, ते कोणाचं होतं. माझ्या मावशीचं होतं.

"अगं पण ते तर रिकामं तळं आहे."

रिकामं! हिरवे वेल, काटक्या, बुजगावणं. रिकामं.

मग म्हणाला, वाडी तुझ्या मावशीची होती हे आधी माहीत असतं तर. म्हणजे माझ्या मावशीची नसती तर चाललं असतं? हे विचारलं तर घड्याळ पाहिलं त्याने. "तू फार मनावर घेतेस. चार वेल होते. तिकडे समुद्रावर मी तुझं सगळं ऐकतो, बस?"

तिकडे ऐकतो. इथे नाही.

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, मावशीसमोर उभा राहा. "पाहू," म्हणाला.

रील काढली नाही.

५ एप्रिल, रविवार

ह. आणि विकी पुन्हा गेले होते. पुन्हा! या वेळी मला कळवलंही नाही. पण या वेळी तळ्याने पाहून घेतलं. वरून भेगाळलेलं, खाली गाळ. जीप मागच्या चाकांनी बसली. धानाच्या चिखलात ट्रॅक्टर घालणाऱ्यांच्या घरातला पोरगा, त्याला हे कळू नये? दोघं पायी सडकेवर गेले ट्रॅक्टर शोधायला.

तोवर बायांनी गावातला ट्रॅक्टर आणला, जीप ओढून काढली आणि सरळ कोंडवाड्यात नेऊन घातली.

संध्याकाळी मावशीचा फोन. मागे बायांचा नुसता कलकलाट. "मोकाट जनावर दुसऱ्याच्या वावरात शिरला तं कोठं जाते? आमी तेथंच नेला."

मी पहिल्यांदा या आठवड्यात हसले.

६ एप्रिल, सोमवार

पाहून आले. कोंडवाडा म्हणजे गावाबाहेर दगडाची भिंत, कमरेएवढी, एक लाकडी फाटक. आत एक मोकाट गोऱ्हा होता आधीपासून. तो जीपच्या सावलीत बसतो. पुढच्या बंपरला दावं बांधून खुंट्याला अडकवलंय. समोर मूठभर तणस.

मावशी म्हणते, "चारापानी टाकून राहिलो, पन खातच नाई वो तुही गाडी."

नियम जुना आहे. जनावराच्या मालकाने स्वतः यायचं. आत येऊन, ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर सांगायचं, माझं जनावर कोणाच्या वावरात कुठून शिरलं. मग तो म्हणतो, सोडा. मग फाटक उघडतं. बाबा सांगतात, ह.चा आजा म्हशीसाठी असाच आला होता एकदा, धोतर सावरत, आणि वर चहा पिऊन गेला.

९ एप्रिल, गुरुवार

ह.ने मिलच्या मुनीमजींना पाठवलं. पाकीट घेऊन. मावशीने पाकिटाला हात लावला नाही. विचारलं, "गाडी तुमची आहे का?"

"नाही बाई, छोट्या मालकांची."

"मंग तुमी कायले येऊन राहिले एवढ्या उन्हात? पानी प्या. त्याले पाठवा."

ह.चा मला फोन. "तुझी मावशी आहे. तू सांग. नाहीतर ट्रिप गेली समज. तुझीच गेली, मी तर कधीही जाऊ शकतो."

हे खरं आहे. याचाच सर्वांत जास्त राग. तो कधीही जाऊ शकतो.

नेहा आली. "अरे यार, छोड ना. सॉरी ही तो है, मैं बोल देती हूँ उसकी तरफ से." मी म्हटलं, तू त्या रीलखाली हसली होतीस, तुझं सॉरी तू वेगळं म्हण. तिला कळलंच नव्हतं की ते शेत आहे. खरंच कळलं नव्हतं. माझ्यासमोर रील पुन्हा उघडून पाहिली तिने.

११ एप्रिल, शनिवार

बाबांना मिलमध्ये कोणी काही बोललं नाही. पण बाबा घरी आले की आधी माझ्याकडे पाहतात, मग पाय धुतात. आज म्हणाले, "मोठे मालक म्हनत होते, पोरानं केला, पोरगाच निस्तरन." एवढंच. मग, "तू सामान बांधून ठेव. काही सांगता येत नाई."

तुम्हाला काय वाटतं बाबा, असं विचारलं. "मले वाटते तू समुद्र पाहावा." मी त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, कोंडवाड्यातल्या गाडीबद्दल विचारत होते. ते त्यांना कळलं होतं.

१३ एप्रिल, सोमवार

मावशी घरी आली. वाचलेल्या वेलांवरचं पहिलं टरबूज घेऊन. आईने कापलं. गोड होतं. माझी फोड ताटात तशीच.

मावशी म्हणाली, "तू म्हन, आज सोडतो गाडी. माहे वेल गेले ते गेले. तुहा समुद्र कायले जाऊ द्याचा?"

मी ओरडले तिच्यावर. तिच्यावर! कशाला मोठं मन दाखवते, म्हटलं. कोणी मागितलं? सगळ्यांनी माझ्यासाठी काही ना काही सोडायचं आणि मी ते गाठोडं डोक्यावर घेऊन समुद्र बघायचा?

मावशीवर काही परिणाम नाही. आईला म्हणते, "पाह्य, तुह्यावानीच ओरडून राहिली."

रागात बोलले ते आता नीट लिहिते. माझ्यासाठी गाडी सोडली तर त्याने काही केलंच नाही असं होईल. उलट त्याची गाडी, त्याचं पेट्रोल, तो मला समुद्र दाखवतोय. आणि तिथे खडकांपुढे त्याने स्टिअरिंग वळवलं तर? प्रवाळाला दावं बांधता येत नाही. गावातल्या बायाही नसतील तिथे. मी एकटी असेन, उपकारात बसलेली.

म्हणून मावशीला सांगितलं, माझ्यासाठी नको सोडू. त्याने आत येऊन सांगितलं तरच.

"पक्का?"

"पक्का."

आणि तरी. तरी मला जायचंय. कोणाला सांगणार नाही, पण आज ट्रेनचंही पाहिलं. एकही जागा नाही कशातच. एकटीला आई सोडणार नाही ते वेगळं.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी पांढरी साडी, वंदना, मग मिरवणूक. मावशी नाचली, आईला ओढून नाचवलं. मीही नाचले, राग पायात होता म्हणून जास्तच.

रील निघाली. नेहाने काढायला लावली म्हणे. ती मिरवणुकीत येऊन मावशीसमोर उभी राहिली आणि आपल्या हिंदी-मराठीत म्हणाली, मैं हँसी थी, माझी चूक झाली. मावशीने तिच्या कपाळाला निळा गुलाल लावला. नेहा निरोपही घेऊन आली होती: "वो कल सुबह आएगा. पर माफी-वाफी नहीं, बोला."

गाडीची दुसरी किल्ली घेऊन फाटक तोडतो की काय, अशी बायांची चर्चा. मावशी म्हणे, "तोडू दे. मंग गावच बोलन."

पिशवी भरली. टॉर्च, टोपी, सुकी चटणी, आईने केलेले शंकरपाळे. आईने वर एक रिकामी बाटली ठेवली. "पानी आन थोडसं. खारा कसा असते पाह्यचा आहे."

१५ एप्रिल, बुधवार

कोंडवाड्याच्या भिंतीवर बसून लिहिते आहे. नेहा शेजारी, पिशवी पायाशी. मावशी फाटकाला टेकून, बाकीच्या दोघी सावलीला. गोऱ्हा बंपर चाटतो आहे.

दुपारपर्यंत निघालो तर ती सकाळची ओहोटी सापडेल. मग नाही.

ह. आला. एकटा, मोटरसायकलवर. फाटकापासून दहा हातांवर थांबला आहे, इंजिन चालू, काळा चष्मा तसाच. माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांग ना यांना." दात इतके घट्ट दाबलेत की दुखून राहिलेत.

मावशी म्हणाली, "ये ना बापू. आत ये. तुह्या आज्यानं बी येथंच सांगतला होता. चहा ठेवतो."

तो जीपकडे पाहतोय. दाव्याकडे, तणसाकडे. त्याला हसू येतंय की राग, समजत नाही.

मी उठणार नाही. पिशवीला हातही लावणार नाही, त्याने आत पाय टाकेपर्यंत.

इंजिन बंद केलं त्याने. चष्मा काढला. अजून उतरला नाही.