पाठमोरं भांडण

४ मार्च २०१३

नाही म्हणाले! मृण्मयीला शेंद्र्याच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, पत्रे ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये. येत्या सोमवारी हजर व्हायचंय – आणि बाप म्हणतो, "नाय जायचं. विषय संपला." स्वतः जन्मभर वाळूजला प्रेस मशीन चालवली, मागच्याच वर्षी रिटायर झाले, आणि पोरीला नाही! खिडकीकडं तोंड करून बसलेत. बसू देत. माझ्यापुढं टिकायचे नाहीत.

५ मार्च

भाकरी थापता थापता त्यांच्या पाठीला सगळं ऐकवलं. लग्न होऊन कन्नडहून आले तेव्हा इथं नुसतं माळरान. एका खोलीत संसार. यांची रात्रपाळी असली की मृण्मयी दिवसभर कुजबुजत खेळायची, बाबा झोपलेत म्हणून. बघता बघता चारी बाजूंनी इमारती उठल्या – पाणी मात्र टँकरचं! एवढे हाल काढले ते पोरीला शिकवायलाच ना? की लोक काय म्हणतील याची भीती वाटते? हूं नाही की चूं नाही. पण मान जरा हलली. विरघळतायत!

७ मार्च

टँकर दारात हॉर्न वाजवतोय आणि हे ढिम्म. हंडे मीच ओढले. थोडं कमी ऐकू येतं, मान्य. पण ताट पुढ्यात ठेवून विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर लगेच, "व्हय, झकास." रागसुद्धा सोयीचा!

९ मार्च

मजीदभाई आले. हे दोघं वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या मशीनवर होते. अजूनही आवाज न काढता नुसते ओठ आणि हात हलवून गप्पा मारतात. मशीनच्या धडधडीत लागलेली सवय. मला बघून हसू येतं.

मजीदभाई पाणी प्यायला आत आले तेव्हा माझं पुराण चालूच होतं, यांच्या पाठीला. जरा वेळ माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "भाभी, पाठीला काय सांगता? वैजनाथभाऊंना कुठं ऐकू येतं? आमी दोघंबी व्हठं बघूनच समजतो. कामावरून काढतील म्हणून कुणाला बोललो नाय."

तव्यावरची भाकरी करपली. आठवडाभर भिंतीशी भांडले मी! आधी स्वतःवर हसले, मग रडूच आलं.

१० मार्च

सकाळी खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसले. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. लोकांचं तर यांच्या मनातही नव्हतं. "माझे कान गेले. तिचे नाय घालवायचे," एवढंच. आता कानात बोळे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे मृण्मयीनंही समोर बसून सांगितलं. बराच वेळ तिच्या ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, जा.

जिंकले मी! पण कसलं जिंकणं.

११ मार्च

मृण्मयी कामावर गेली. कंपनीची बस वळून गेल्यावर यांनी मला विचारलं, "भानू, पोरीचा आवाज आता कसा आहे गं?"